एफच्या वहीत नसलेला देश

पनवेलच्या कोळीवाड्यातल्या हौसाचा नवरा गणू १९५७ साली दसऱ्याच्या आठवड्यात समुद्रात नाहीसा झाला. तो परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी होता. कलकत्त्याहून निघालेलं जहाज चीनच्या बाजूच्या समुद्रात वादळात सापडलं आणि बुडालं. दिवाळीच्या आधी मुंबईहून एक छापील कागद आला. टपालवाल्यानं तो उंबऱ्यातच वाचून दाखवला. जहाज बुडालं, काही माणसं वाचली, नऊ जणांचा पत्ता नाही. नवांत गणूचं नाव होतं आणि त्याच्या खाली उरणजवळच्या करंजा गावच्या बुधाजीचं.

बुधाजी आणि गणू एकत्रच जहाजावर लागले होते. निघायच्या आदल्या दिवशी बुधाजी हौसाच्या घरी जेवून गेला होता. कागद आल्यावर पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोनं, रंभानं, बांगड्या फोडल्या आणि दिवस केले. करंज्याहून तसा निरोप आला.

हौसाची सासू सोनाबाई म्हणाली, "आपन पन उरकून टाकू, पोरी. त्याचा जीव तिकरं लटकत नको."

"पत्ता नाय असं ल्हेलाय," हौसा म्हणाली. "मेला असं कोनी ल्हेलाय?"

ती रोज पहाटे टोपली घेऊन बाजारात बसायची, मासे विकायची. हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बायका बघायच्या आणि नजर वळवायच्या. काही जणी तिच्याकडचे मासे घेईनाशा झाल्या. हौसाच्या ते लक्षात येत होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काशीराम परत आला. त्याच जहाजावरचा, पहिल्याच फेरीला गेलेला उलवे गावचा जवान पोरगा. त्याला एका वेगळ्या जहाजानं उचलून हाँगकाँगला सोडलं होतं. तो हौसाच्या दारात आला, पण आत यायला तयार होईना.

"वयनी, मी गणूदादाला बुडताना नाय बघितला," तो म्हणाला. "येवढंच सांगाला आलो."

मग त्यानं खिशातून सिगारेटच्या पाकिटाचा फाडलेला पुठ्ठा काढला. हाँगकाँगच्या धक्क्यावर त्याला एक फिलिपिनो खलाशी भेटला होता. त्याच्या बेटावरच्या इस्पितळात एक हिंदी खलाशी पडून आहे, असं तो सांगत होता. समुद्रातून काढलेला, पाय मोडलेला, तापानं वाचा गेलेला. नाव सांगू शकत नाही, जवळ कागद नाही. काशीरामला त्याचं बोलणं अर्धवट समजत होतं, म्हणून त्या माणसानं पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहून दिलं होतं.

"गणूदादाच हाय असं मी बोलत नाय," काशीराम म्हणाला. "पन कोनतरी हाय."

हौसानं तो पुठ्ठा पदरात बांधला आणि त्याच दुपारी मामलेदार कचेरी गाठली.

कचेरीबाहेर वडाखाली तुळशीराम नावाचा टंकलेखक टेबल टाकून बसायचा. अर्ज इंग्रजीत टाइप करून देण्यात त्याच्या तोडीचा माणूस तालुक्यात नव्हता आणि हे तो स्वतःही सांगायचा. त्यानं पुठ्ठा डोळ्यांजवळ नेऊन वाचला. 'हिंदी खलाशी, फिलिपिनो इस्पितळ.' त्यानं अर्ज केला: फिलिपिनो या देशातील इस्पितळात असलेल्या बेवारस खलाशाची माहिती मिळावी, तो माझा पती असण्याचा संभव आहे. शब्द त्यानं अक्षरानं अक्षर लावून पुठ्ठ्यावरून उतरवला. हौसानं अंगठा दिला.

अर्ज घेऊन ती एसटीनं ठाण्याला आणि तिथून मुंबईला गेली. बंदराजवळच्या एका कचेरीत बेपत्ता खलाशांच्या चौकशीची खिडकी होती. निरनिराळ्या देशांतून आलेली पत्रं तिथं वह्यांमध्ये लावून ठेवलेली असत. वह्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे, प्रत्येक अक्षराची वेगळी. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, एफची वही काढली आणि पानं उलटली.

"या नावाचा देश नाही," तो म्हणाला.

"हाय. तिकरचा मानूस बोलला."

"बाई, वहीत नाही म्हणजे पत्र आलेलं नाही. अर्ज ठेवून जा."

ती पुन्हा आठ दिवसांनी गेली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं तुळशीरामकडून नवा अर्ज करून घेतला, जास्त काकुळतीचा. तुळशीरामनं त्यात 'अनाथ अबला' असे शब्द घातले. देशाचं नाव मात्र तेच ठेवलं. हौसानं भीत भीत विचारलं, "नाव बरोबर हाय ना, भाऊ?" तेव्हा तो चिडला.

"माझ्या हातून स्पेलिंग चुकलेलं दाखव, मशीन खाडीत टाकीन."

आणि स्पेलिंग खरोखरच चुकलेलं नव्हतं.

तो अर्ज तिनं टपालानं पाठवला. २९ नोव्हेंबरला, शुक्रवारी, तो परत आला. त्यावर लाल पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं आणि सोबत एक चिठ्ठी टाचलेली होती. टपालवाल्यानं तो बाजारातच तिच्या हातात दिला. हौसाला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग बघूनच काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं. समोर कमळाकर गुप्ते मास्तर उभे होते. ते हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि दर शुक्रवारी तिच्याकडून बोंबील घ्यायचे.

"मास्तर, ह्यो कागद वाचा जरा."

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. लाल अक्षरं त्यांनी मनातच वाचली आणि मग हळू आवाजात सांगितली. "'सदर देशाचा पत्ता लागत नाही.' आणि ही चिठ्ठी म्हणते, ज्या बेवारस रुग्णांची ओळख ३० नोव्हेंबरपर्यंत पटणार नाही, त्यांचे कागद बंद होतील. त्यांना त्या त्या देशातल्या अनाथाश्रमात पाठवतील."

"तीस कवा?"

"उद्या."

हौसा उठली. टोपली, कोयता, वजनकाटा सगळं तसंच टाकून ती मास्तरांच्या पायांवर पडली. बाजारातली माणसं थांबून बघायला लागली. "मास्तर, तुमी पोरांना समदे देश शिकिवता. मना येवढा एक देश दावा. येकच. मी चालत जाईन."

मास्तर तिला घेऊन तडक घरी आले. त्यांनी कपाटातून शाळेचा जाडजूड इंग्रजी अॅटलास काढला आणि शेवटची नावांची यादी उघडली. देश त्यांना माहीत होता, पण मराठीतून. वर्षानुवर्षं ते फळ्यावर 'फिलिपाइन्स बेटे' असं लिहीत आले होते. त्यांनी एफखाली बोट फिरवलं. फिजी होतं, फिनलंड होतं. या दोन नावांच्या मध्ये तो देश असायला हवा होता. तिथं काहीच नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. क्षणभर त्यांना वाटलं, आपण पोरांना नसलेली बेटं शिकवत आलो की काय.

"नाय ना?" हौसानं विचारलं. ती दाराशी भिंतीला टेकून उभी होती.

"थांब."

त्यांनी यादी सोडून दिली आणि नकाशा उघडला. चीनच्या किनाऱ्यावर बोट ठेवलं, तिथून खाली समुद्रात उतरवलं. बेटं जागच्या जागी होती. त्यांच्यावर छापलेलं नाव मास्तरांनी वाचलं आणि ते ताडकन उभे राहिले.

"पी!" ते ओरडले. "अगं, हे पीपासून लिहितात! पी आणि एच मिळून फ होतो. देशाचं नाव पीच्या वहीत आहे, आणि तू महिनाभर एफच्या वहीपाशी उभी आहेस."

"मंग काशीरामनं चुकीचं आनलं?"

"नाही, तेही बरोबर. देशाला पी-एच लावतात आणि तिथल्या माणसांना एफ."

हौसाला ते समजेना. मास्तर खाली बसले आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागले. "स्पेन देशाचा एक राजपुत्र होता, फेलिपे. त्याच्या लोकांनी ही बेटं घेतली आणि त्याचं नाव त्यांना दिलं. स्पेनवाले ते एफनं लिहितात. तेच नाव इंग्रज फिलिप म्हणतो, आणि ते मूळ ग्रीक म्हणून पी-एचनं लिहितो. मग इंग्रजांनी देशाचं नाव आपल्या पद्धतीनं लिहिलं. पण तिथली माणसं स्वतःला जे म्हणवतात, ते त्यांच्या तोंडून, त्यांच्याच अक्षरात जसंच्या तसं घेतलं. असं होतं. आपणसुद्धा चीन लिहिताना दीर्घ लिहितो आणि चिनी लिहिताना ऱ्हस्व..."

ते मध्येच थांबले. समोरच्या बाईला दीर्घ आणि ऱ्हस्व सांगून काय उपयोग, असं त्यांना वाटलं असावं.

"दोगं पन बरोबर," हौसा म्हणाली. "तुळशीराम बरोबर, वहीवाला बरोबर. मंग माजा मानूस कुनाच्या चुकीनं मरतो, मास्तर?"

मास्तरांनी शाळेला चिठ्ठी लिहिली की उद्या येणार नाही.

शनिवारी पहिल्या एसटीनं दोघं निघाली. मुंब्र्याच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. ड्रायव्हर चाक बदलेपर्यंत हौसा रस्त्याच्या कडेला उभी राहून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात करत होती. एकही थांबला नाही. शनिवारी कचेरी एक वाजता बंद होते, हे मास्तरांनी तिला सांगितलं नव्हतं. पण ते सारखे घड्याळ बघत होते, त्यावरून ती काय ते समजली. ठाण्याहून लोकलनं मुंबईत उतरल्यावर ती धावतच सुटली. पन्नाशीतले मास्तर मागून धापा टाकत येत होते.

दोघं खिडकीपाशी पोचली तेव्हा एकला दहा मिनिटं होती. कारकून दौत बंद करत होता. त्यानं हौसाला ओळखलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, तुम्हाला लेखी कळवलंय..."

"पीची वही काढा," मास्तर म्हणाले. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "फिलिपाइन्स. पी, एच, आय."

"अर्जात तर..."

"अर्जात लोकांचं नाव आहे. देशाचं पीनं लिहितात. वही काढा, साहेब, मी पाया पडतो."

कारकुनानं वही काढली. पानं उलटता उलटता त्याचा हात थांबला. एक पत्र होतं. ऑक्टोबरच्या अखेरीचं, एका इस्पितळाच्या शिक्क्याचं. कोणी मागितलंच नव्हतं म्हणून महिनाभर उघडून न पाहिलेलं. कारकुनाचा चेहरा उतरला. त्यानं ते मास्तरांच्या हातात दिलं.

हौसानं खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले होते. "वाचा," ती म्हणाली.

मास्तर वाचत आणि मराठीत सांगत गेले. "'समुद्रातून काढलेला हिंदी खलाशी. वय अंदाजे पस्तीस.'"

"हां."

"'वर्ण सावळा. मध्यम उंची. डावी मांडी मोडलेली. जिवाचा धोका टळला आहे.'"

"हां, हां." ती हसत होती आणि रडत होती. "जित्ता हाय!"

"'बोलू शकत नाही. ओळखीची खूण...'" मास्तर सावकाश वाचू लागले, कारण त्यांना गणू आठवत होता, बाजारात कितीदा हौसाशेजारी बसून मासे साफ करताना दिसलेला. "'ओळखीची खूण: उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. जखम बरीच जुनी आहे.'"

हौसाचं हसणं थांबलं.

"परत वाचा."

मास्तरांनी परत वाचलं.

"उजव्या हाताचीच?"

"उजव्याच."

आतून कारकून म्हणाला, "तुमचाच नवरा आहे ना? हो म्हणा, मी आत्ताच्या आत्ता तार लावतो. साहेब अजून वर आहेत."

गणूची दहाही बोटं शाबूत होती. ते मास्तरांना माहीत होतं. कारकुनाला माहीत नव्हतं. आणि हौसा गजांना धरून तशीच उभी होती. मास्तर पुढे सांगायचे की त्या वेळी तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ती हो म्हणाली असती तर तिला अजून महिना-दोन महिने मिळाले असते. तार गेली असती, उत्तर आलं असतं, माणूस जहाजावर चढला असता. तोपर्यंत तिच्या हातात बांगड्या राहिल्या असत्या आणि कोणी काही बोललं नसतं.

"माजा नाय," ती म्हणाली.

कारकुनानं पेन खाली ठेवलं.

"पन मी वलखतंय त्याला. करंज्याचा बुधाजी. दोन बोटं रहाटात गेली त्याची, लगीन व्हायच्या आदी. माज्या घरात जेवलाय, तीन बोटांनी घास उचलत व्हता. ल्हेवा. बायकोचं नाव रंभा. ल्हेवा लवकर, एक वाजंल."

कारकुनानं लिहिलं. हौसानं साक्षीदार म्हणून अंगठा दिला, खाली मास्तरांनी सही केली. तार गेली. बाहेर पडल्यावर ती पायरीवर बसली आणि तिनं डोकं गुडघ्यांत घातलं. मास्तर शेजारी उभे राहिले. मग ती उठली.

"तुमी घरी जा, मास्तर. म्हातारीला सांगा, मी भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं उरनच्या मोऱ्याला जातंय. रंभाला सांगाला पायजे."

करंज्यात पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. रंभा अंगणात जवळा वाळत घालत होती. हातात बांगड्या नव्हत्या, कपाळ मोकळं. हौसाला बघताच तिनं गळा काढला. तिला वाटलं, ही आपलं दुःख घेऊन आपल्या गळ्यात पडायला आलीय.

"रडू नको," हौसा म्हणाली. "तुजा जित्ता हाय."

रंभाला ऐकू आलं, पण समजलं नाही. हौसानं तिला इस्पितळ सांगितलं, मोडलेली मांडी सांगितली, दोन बोटं सांगितली. बोटांचं ऐकल्यावर रंभा खाली बसली. तिनं जवळ्याची मूठ तशीच घट्ट धरून ठेवली होती. "मी त्याचे दिवस केले गं," ती म्हणत राहिली. "मी माज्या हातानं केले." मग एकदम तिनं वर पाहिलं. "आन् तुजा?"

"वहीत नाय," हौसा म्हणाली.

ती पनवेलला परत आली ती हरून आली नव्हती. सोमवारी ती मास्तरांच्या घरी हजर झाली. "मास्तर, येका देशाचं नाव आन् मानसांचं नाव येगल्या वहीत असतंय, तर दुसऱ्याचं पन असंल. गणू त्यातल्या कुटल्यातरी वहीत असंल."

मास्तरांना नाही म्हणवेना. त्यांनी अॅटलास काढला. हॉलंडच्या लोकांना डच म्हणतात, म्हणून एचलाही पत्र गेलं आणि डीलाही. सयामचं नाव बदलून थायलंड झालं होतं, म्हणून एसला आणि टीला. त्या समुद्राच्या काठाचे, त्या समुद्रात जहाजं पाठवणारे, सगळे देश त्यांनी धुंडाळले. तुळशीरामनं सगळे अर्ज काही न घेता टाइप केले. आता तो प्रत्येक नाव मास्तरांना दोनदा विचारायचा आणि मान खाली घालून टाइप करायचा. मशीन खाडीत टाकायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. उत्तरं येत गेली. तोच खिडकीवरचा कारकून आता स्वतःच्या हातानं लिहायचा: 'सर्व वह्या पाहिल्या. खेद वाटतो.'

फाल्गुनात बुधाजी परत आला. त्याला काठी लागत होती आणि वाचा अर्धीमुर्धी आली होती. चार दिवसांनी तो रंभाला घेऊन पनवेलला आला. हौसानं त्यांना घरात घेतलं, पाणी दिलं. बुधाजी बराच वेळ शब्द जुळवत होता. रंभा त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती, पण तिनं त्याच्यासाठी शब्द शोधले नाहीत. ते त्यालाच सांगू द्यायचं, असं ती ठरवून आली होती.

"एक फली व्हती," तो म्हणाला. "आमी दोगं. दोन दिस."

हौसानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"फली दोगांना... घेत नव्हती. बुडत व्हती. माजा पाय मोडलेला. त्यानं त्याची दोरी... माज्या कमरेला बांधली." तो थांबला, त्यानं श्वास घेतला. "मंग सोडली फली. मी बोंबललो. तो पवत गेला. थोडा येळ दिसला."

"काय बोलला?"

"तुजा नाव नाय घेतला," बुधाजी म्हणाला. खोटं सांगायची ताकद त्याच्या जिभेत नव्हती. "बोलला, पाय हलवू नको."

रंभानं पदर तोंडात कोंबला. हौसानं बुधाजीच्या तीन बोटांच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या काठीकडे.

"जेवून जावा," ती म्हणाली.

त्यांना बसवून ती मागच्या पडवीत गेली. सोनाबाई तिथं फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. या हिवाळ्यापासून म्हातारीला ऐकू कमी येऊ लागलं होतं. घरात कोण आलंय हे तिला कळलं होतं, काय बोलणं झालं ते नाही. हौसा तिच्यासमोर मांडी घालून बसली. गणूचं काय झालं, ते तिनं सांगितलं. म्हातारीनं कानाला हात लावून, ऐकू आलं नाही अशी मान हलवली.

मग हौसा आणखी जवळ सरकली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि तिनं ते सगळं पहिल्यापासून, मोठ्यानं, पुन्हा सांगितलं.